घरचें ताट आणि अंगचें रक्त

मनुष्याच्या तोंडावरचें तेज पाहून त्याच्या प्रकृतीची परीक्षा करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. ‘पोर अगदीं पांढरीफटक पडली आहे,’ असें आजी म्हणते त्या वेळीं तिच्यापाशीं कोणतेंहि यंत्र नसतें. तरी खालची पापणी ओढून व नखें दाबून ती जें पाहते तेंच डॉक्टरहि पाहतात. आज तिच्या त्या नजरेच्या जोडीला प्रयोगशाळेचा आंकडा आला आहे. बोटाच्या टोंकांतून रक्ताचा एक थेंब घेतला, कीं थोड्याच वेळांत हिमोग्लोबिनचें प्रमाण कागदावर उतरतें. परंतु तो कागद हातीं आल्यावर पुढें काय करावयाचें, हा प्रश्न बव्हंशीं घरच्या स्वयंपाकघरांतच सोडवावा लागतो. त्याविषयीं आम्हांस जें कळलें व आमच्या घरीं जें अनुभवास आलें, तें विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें ठेवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

गेल्या वर्षीं शाळेंत मुलामुलींची वैद्यकीय तपासणी झाली, तींत नववीच्या वर्गांत शिकणाऱ्या आमच्या पुतणीचें हिमोग्लोबिन ११.१ भरलें. शंभर मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन किती ग्रॅम आहे, हें तो आंकडा सांगतो. बारा वर्षांवरील मुली व गरोदर नसलेल्या स्त्रिया यांच्यांत तें निदान १२, पंधरा वर्षांवरील मुलगे व पुरुष यांच्यांत १३ आणि गरोदरपणाच्या पहिल्या व शेवटच्या तिमाहींत ११ असावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें माप आहे. म्हणजे पुतणीच्या रक्तांतील उणीव फार मोठी नव्हती. तरी प्रार्थनेच्या वेळीं उभें राहतां राहतां तिच्या डोळ्यांपुढें अंधारी येई, जिना चढतांना धाप लागे, आणि दुपारच्या तासाला पुस्तकावर मान लवे. असलीं लक्षणें पाहून कोणी आळसाला दोष देतात, तर कोणी वयाला. परंतु रक्त कमी असलेल्या मुलास आळशी म्हणणें म्हणजे तेल संपलेल्या दिव्याच्या वातीला बोल लावण्यासारखें आहे.

हा प्रकार एकाच घरापुरता असता, तर शाळेच्या वार्षिकांत त्याला जागा देण्याचें कारण नव्हतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, भारतांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. त्याच वयाच्या मुलग्यांत हें प्रमाण शेंकडा ३१ होतें, आणि १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत शेंकडा ५७. वर्गांत दहा मुली एका ओळींत बसल्या असतील, तर त्यांतील निम्म्याहून अधिक मुली अपुऱ्या रक्तावर बीजगणित व भूगोल शिकत असण्याचा संभव आहे. परीक्षेंतील गुणांची चिंता करणाऱ्या पालकांनीं ही गोष्टहि ध्यानांत घेण्यासारखी आहे.

आतां हें रक्त बनतें कसें, तें थोडक्यांत पाहूं. रक्ताचा तांबडा रंग हा हिमोग्लोबिनचा रंग होय. त्याच्या प्रत्येक रेणूंत लोहाचे चार अणु असतात. श्वासाबरोबर आंत घेतलेला प्राणवायु फुफ्फुसांत या लोहाला जोडला जातो व रक्ताबरोबर मेंदूपासून पायांच्या बोटांपर्यंत पोंचतो. तांबडी रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगते. जुन्या पेशी मोडतात, आणि हाडांतील मज्जा दर सेकंदास सुमारें वीस लाख नव्या पेशी तयार करते. शरीर हें काम मोठ्या काटकसरीनें चालवितें. जुन्या पेशींतील लोह फेंकून न देतां तेंच तें नव्या पेशींसाठीं पुन्हां वापरतें. अन्नांतून रोज केवळ एक ते दोन मिलिग्रॅम लोह रक्तांत आलें, तरी निरोगी माणसाचा संसार चालतो.

मग उणीव कां पडते? वाढीच्या वयांत शरीराबरोबर रक्तहि वाढावें लागतें, म्हणून मुलामुलींस लोह अधिक लागतें. मुलींच्या मासिक धर्मांत दर महिन्यास कांहीं रक्त जातें, त्याचीहि भरपाई व्हावी लागते. गरोदरपणीं आईच्या सांठ्यांतून बाळाला वांटा द्यावा लागतो. आणि आपल्या शाकाहारी अन्नांतील लोहाचा फारच थोडा अंश आंतड्यांतून रक्तांत शिरतो. याच कारणास्तव भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं १३ ते १५ वर्षांच्या मुलींच्या रोजच्या अन्नांत ३० मिलिग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलग्यांच्या अन्नांत २२ मिलिग्रॅम लोह असावें, असें सुचविलें. तीसांपैकीं दोन-तीन मिलिग्रॅम अंगीं लागले तरी पुष्कळ झालें, असा हा हिशेब आहे.

डॉक्टरांनीं आमच्या पुतणीला तपासून, शाळेंत मिळणारी आठवड्याची लोहाची गोळी न चुकवितां घेण्यास सांगितलें, आणि आहार सुधारून तीन महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासावें असें सुचविलें. घरीं ही वार्ता पोंचतांच आमच्या मातोश्रींनीं हुकूम सोडला, “उद्यांपासून पोरीला रोज एक डाळिंब आणा, आणि बीटाची कोशिंबीर करा. रक्त कसं लालबुंद होतं तें पाहा!” लाल वस्तु खाल्ल्यानें रक्त लाल होतें, ही समजूत केवळ त्यांचीच नव्हे, ती घरोघर आहे. म्हणून आम्हीं हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेले अन्नघटकांचे तक्ते पाहिले. शंभर ग्रॅम बीटांत एक मिलिग्रॅमहूनहि कमी लोह, आणि डाळिंबाच्या शंभर ग्रॅम दाण्यांत तर त्याहूनहि कमी, अवघें ०.३ मिलिग्रॅम! उलट शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें ६ मिलिग्रॅम, आणि मसूर, मटकी व हुलगे यांत ७ ते ९ मिलिग्रॅमांच्या आसपास लोह सांपडलें. शंभर ग्रॅम बाजरीइतकें लोह डाळिंबांतून मिळवूं म्हटलें, तर सुमारें दोन किलो दाणे सोलावे लागतील. डाळिंब हें फळ म्हणून उत्तमच. परंतु रक्तासाठीं कर्ज काढून तें आणण्याचें कारण नाहीं.

पालकाचीहि अशीच गोष्ट आहे. त्याचें नांव मोठें. परंतु शंभर ग्रॅम पालकांत लोह सुमारें ३ मिलिग्रॅम, आणि त्यांतीलहि बरेंच अंगीं लागत नाहीं. माठ व शेवग्याचा पाला यांत त्याहून अधिक लोह असतें. शेवगा तर पुष्कळांच्या परसांतच उभा असतो; शेंगा काढून घेतल्यावर त्याच्या पाल्याकडे मात्र कोणी पाहत नाहीं. गुळाविषयींहि दोन शब्द सांगावयास हवेत. गुळांत लोह आहे खरें, पण आपण तो खातों बोटभर. तेवढ्यानें रक्त वाढत नाहीं. तो तीळ, शेंगदाणे किंवा अळीव यांच्या सोबतीनें लाडवांत गेला, म्हणजे त्या सोबत्यांमुळें त्याला किंमत येते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपल्या आज्यांची रीत ही लोहाच्या दृष्टीनें शहाणपणाचीच होती.

परंतु अन्नांत लोह असणें ही निम्मीच गोष्ट झाली. बाजरी व कडधान्यें यांत फायटेट नांवाचें द्रव्य असतें, तें लोहाला धरून ठेवतें व रक्तांत जाऊं देत नाहीं. ही पकड सैल करण्याचे उपाय आपल्या स्वयंपाकांत पूर्वींपासून आहेत. मटकी भिजवून तिला मोड आणणें, पीठ आंबवून आंबील करणें, यांनीं फायटेट कमी होतें. याहून सोपा उपाय म्हणजे जेवतांना ‘क’ जीवनसत्त्व असलेला पदार्थ पानांत घेणें. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो व ताजी कोथिंबीर यांत तें असतें. तें पोटांत लोहाबरोबरच गेलें, तर त्याच भाकरींतून व त्याच उसळींतून कितीतरी अधिक लोह रक्तांत शिरतें. मात्र लिंबू पिळावयाचें तें पातेलें चुलीवरून उतरल्यावर. कारण उष्णतेनें हें जीवनसत्त्व नष्ट होतें. आपल्याकडे ताटाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड वाढण्याची जी रीत आहे, ती अशा रीतीनें फार उपयोगाची ठरते.

आतां शत्रूची ओळख करून देतों. तो शत्रु म्हणजे जेवणाला लागूनच घेतलेला चहा! चहांतील टॅनिन लोहाशीं जखडून बसतें, आणि त्या जेवणांतील अंगीं लागणारें लोह निम्म्याहूनहि कमी होऊं शकतें. चहा सोडा, असें सांगून कोणी ऐकणार नाहीं हें आम्हीं जाणतों. आमच्या घरींहि तो सुटला नाहीं. परंतु जेवणाच्या आधीं व नंतर निदान एक तास चहा घ्यावयाचा नाहीं, एवढा नियम सर्वांनीं पाळला. पुतणी सकाळीं चहांत चपाती बुडवून शाळेस येत असे, त्याऐवजीं तिला भाकरी व रात्रींची उसळ लिंबू पिळून मिळूं लागली. मधल्या सुट्टींतील कुरकुरीत पाकिटाची जागा फुटाणे, शेंगदाणे-गूळ व हंगामांत पेरू यांनीं घेतली. भाजी लोखंडी कढईंत होऊं लागली, कारण तशा भांड्यांत, विशेषतः आंबटसर पदार्थ शिजतांना, कांहीं लोह अन्नांत उतरतें. या सर्वांपायीं महिन्याचा खर्च वाढला नाहीं. बदलला तो केवळ क्रम व मेळ.

जीं कुटुंबें मांसाहार करतात त्यांचा मार्ग थोडा सुलभ आहे. मांस, कलेजी व मासळी यांतील लोह शरीर अधिक सहजपणें घेतें, आणि त्यांच्या सोबतीनें खाल्लेल्या धान्यांतील लोहहि अधिक लागूं पडतें. शाकाहारी मंडळींनीं मात्र ‘ब-१२’ या जीवनसत्त्वाकडे लक्ष पुरवावें. रक्त बनण्यास तेंहि अवश्य असतें, आणि भाजीपाल्यांतून तें मिळत नाहीं. म्हणून रोजच्या आहारांत दूध, दहीं किंवा ताक असावें. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं अंडेंहि खावें. दूध व लोहयुक्त जेवण यांच्या वेळा मात्र निराळ्या ठेवाव्या. कारण दुधांतील चुना, म्हणजे कॅल्शियम, लोहाच्या मार्गांत आडवा येतो.

रक्ताला केवळ लोह पुरत नाहीं, हें ज्या इतिहासानें जगाला शिकविलें तो आपल्या मुंबईंतच घडला. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी डॉक्टर मुंबईस आल्या व परळ येथील हाफकिन संस्थेंत काम करूं लागल्या. त्या काळीं कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांस एक प्रकारचा तीव्र पांडुरोग होई, व त्यांत पुष्कळ जणी दगावत. प्रथम जंतूंचा संशय घेण्यांत आला. परंतु तसे जंतु सांपडेनात. तेव्हां विल्सबाईंनीं या स्त्रियांच्या ताटाकडे दृष्टि वळविली. त्यांच्या जेवणांत फळें व भाज्या फारच थोड्या आहेत, असें त्यांना दिसून आलें. पुढें उंदीर व माकडें यांना तसाच निकस आहार देऊन त्यांनीं प्रयोग केले. यीस्टपासून केलेल्या मार्माइट नांवाच्या स्वस्त पदार्थानें रोगी माकड सुधारलें, व त्याच पदार्थानें रोगी स्त्रियाहि बऱ्या झाल्या. १९३१ सालीं त्यांनीं हें जगापुढें मांडलें. त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असें नांव पडलें. १९४१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं तसलें द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळें काढलें, आणि पानाला लॅटिन भाषेंत जो शब्द आहे त्यावरून त्याचें नांव फॉलिक आम्ल असें ठेवलें.

आज शाळाशाळांतून मुलामुलींना आठवड्यास जी निळी गोळी दिली जाते, तींत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर हेंच फॉलिक आम्ल असतें. परळच्या प्रयोगशाळेंतील तो शोध व गिरणींतील त्या निनांवी स्त्रियांची यातना, दोन्हीं त्या लहानशा गोळींत सांठविलेलीं आहेत. फॉलिक आम्ल हिरव्या पालेभाज्यांत व कडधान्यांत विपुल असतें. परंतु फार वेळ शिजविल्यानें व शिजविलेलें पाणी ओतून दिल्यानें तें वांया जातें. म्हणून भाजी झांकण ठेवून, थोड्या पाण्यांत व थोडाच वेळ शिजवावी, आणि तिचें पाणी आमटींत घालावें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. आहारानें सर्व कांहीं होतें असें नाहीं. उणीव मोठी असली, तर केवळ भाकरी व लिंबू यांवर विसंबून राहणें धोक्याचें आहे. तेथें डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. गोळीनें मळमळलें किंवा शौचास काळें झालें, म्हणून ती टाकून देऊं नये. त्रास होत असल्यास डॉक्टरांस सांगावें. पोटांत जंत असतील, तर आंतून रक्त झिरपत राहतें, आणि वरून कितीहि घातलें तरी फुटक्या घागरीसारखी गत होते. म्हणून शाळेंत वर्षांतून दोनदां मिळणारी जंतनाशक गोळी घ्यावी, पायांत वहाणा घालाव्या व जेवणापूर्वीं हात धुवावे. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्याच अभावानें होतो असें नाहीं. सिकल सेल व थॅलेसेमिया हे रक्ताचे विकार आईबापांकडून येतात, व त्यांचा उपचार निराळा असतो. तेव्हां आधीं तपासणी, मग उपाय, हा क्रम सोडूं नये.

तीन महिने लोटले. १२० दिवस जगणाऱ्या पेशींचा कारभार एका आठवड्यांत पालटत नाहीं, हें समजून घेतल्यामुळें घरांत कोणी उतावीळ झालें नाहीं. ठरल्या दिवशीं पुतणीला घेऊन तिची आई व आम्ही दवाखान्यांत गेलों. या वेळीं तिचें हिमोग्लोबिन १२.२ भरलें. आम्हांस समाधान वाटलें. परंतु पोरीचें लक्ष त्या कागदाकडे नव्हतें. ती आपल्या आईच्या तोंडाकडे पाहत होती. ती म्हणाली, “आई, आतां तुझंहि रक्त तपासूं या.”

वहिनी हंसून म्हणाल्या, “मला काय धाड भरली आहे? मला कुठं परीक्षेला बसायचं आहे!”

पोरीनें हट्ट सोडला नाहीं. शेवटीं वहिनींनीं बोट पुढें केलें. त्यांचें हिमोग्लोबिन ९.३ निघालें.

ज्या हातांनीं तीन महिने भाकऱ्या थापल्या, मोड आणले व प्रत्येकाच्या ताटांत लिंबाची फोड ठेवली, त्याच हातांना रक्त नव्हतें. डॉक्टरांनीं वहिनींना रोजची गोळी सुरू केली, रक्त कां कमी झालें हें शोधण्यासाठीं आणखी तपासण्या लिहून दिल्या, आणि एक साधा प्रश्न विचारला: “तुम्ही जेवतां केव्हां?” वहिनींनीं उत्तर दिलें नाहीं, पोरीनेंच दिलें: “सगळ्यांचं झाल्यावर. आणि तेव्हां उसळ उरलेली नसते.”

त्या एका वाक्यांत आमच्या प्रांतांतील हजारों घरांची हकीकत आली आहे. शाळेंत जाणाऱ्या मुलीचें रक्त निदान वर्षाकाठीं कोणी तपासतें. तिच्या आईचें, बहुधा गरोदरपणाखेरीज, कोणी तपासत नाहीं. ताटांत काय असावें याचे तक्ते विद्वानांनीं केले आहेत. परंतु पातेल्यांतील शेवटची पळी कोणाच्या ताटांत पडावी, हें ठरविणारा तक्ता कोणत्याहि संस्थेनें काढलेला नाहीं. तो ज्याच्या त्याच्या घरींच व्हावयाचा असतो. आमच्या घरीं आतां सायंकाळचीं सर्व पानें एकदमच मांडलीं जातात, व वाढण्याचें काम मुलें पाळीपाळीनें करतात. मातोश्रींना प्रथम हें रुचलें नाहीं. आतां मात्र, “सूनबाई, आधीं बस,” असें त्याच म्हणतात. वहिनींचा आंकडा चढतो आहे. अजून तो बाराला पोंचलेला नाहीं, व गोळ्या चालू आहेत.

विद्यार्थी मित्रहो, ज्या शाळेंत तुम्ही शिकतां तेथें रोजच्या भाकरीसाठीं देवाची प्रार्थना करण्यास शिकवितात. त्या प्रार्थनेंत मागणें एकट्यासाठीं नाहीं, सर्वांसाठीं आहे. तुमच्यापैकीं ज्यांच्या तपासणीचे कागद घरीं गेले असतील, त्यांनीं माठ, मटकी व लिंबू यांची गोष्ट आईस अवश्य सांगावी. त्याबरोबरच तिचें हिमोग्लोबिन किती आहे, तें विचारावें. ‘ठाऊक नाहीं’ असें उत्तर आलें, तर येत्या सुट्टींत तिला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यांत जावें. आणि त्या दिवसापासून जेवतांना तिचें पान आपल्या पानाशेजारीं मांडावें.